गाण्यानें राखलेला पत्ता

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दफ्तरें डोळ्यांसमोर उभीं राहतात. परंतु जन्मभर दुसऱ्याच्या शेतांत राबणाऱ्या मनुष्याची नोंद दफ्तरांत क्वचितच सांपडते. अशाच एका माणसाचा ठाव त्याच्या गाण्यानें कसा लावून दिला, त्याची ही हकीकत आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेस मिसिसिपी संस्थानांत ॲव्हलॉन नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें जॉन हर्ट हा कृष्णवर्णीय मुलगा लहानाचा मोठा झाला. वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हातीं गिटार आली. गुरु कोणीच नव्हता. आंगठ्यानें खर्जाच्या तारांवर अखंड ठेका धरावयाचा आणि त्याच हाताच्या बोटांनीं वरच्या तारांवर गाण्याची चाल वाजवावयाची, ही रीत त्यानें आपली आपणच साधली. एकाच हातानें साथ आणि सूर दोन्ही सांभाळले जात. त्यावर त्याचा आवाज मृदु, जणूं शेजारीं बसून गोष्ट सांगणाऱ्याचा.

विली नार्मर नांवाच्या गोऱ्या फिडलवादक शेजाऱ्याच्या शिफारसीनें १९२८ सालीं ओकेह कंपनीनें त्याचीं गाणीं प्रथम मेंफिस व नंतर न्यूयॉर्क येथें ध्वनिमुद्रित केलीं. न्यूयॉर्कच्या मुक्कामीं गायिलेल्या ‘ॲव्हलॉन ब्लूज’ या गाण्यांत त्यानें घरची ओढ सांगतां सांगतां आपल्या गांवाचें नांव गुंफलें. पुढच्याच वर्षीं आर्थिक मंदीची लाट आली, तबकड्यांचा धंदा बसला आणि हर्ट पुन्हा शेतावर गेला. पुढें चौतीस वर्षें बाहेरच्या जगानें त्याची विचारपूस केली नाहीं.

१९५२ सालीं हॅरी स्मिथ या संग्राहकानें जुन्या लोकगीतांचा एक मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांत हर्टचीं दोन गाणीं होतीं. तीं ऐकून तरुण मंडळी मोहून गेली. पण हा गायक केव्हांच वारला असावा, अशी बहुतेकांची समजूत होती. अखेर १९६३ सालीं टॉम हॉस्किन्स या तरुणानें ‘ॲव्हलॉन ब्लूज’मधील गांवाचें नांव जुन्या नकाशांत हुडकलें आणि तो थेट तेथें जाऊन पोंचला. दारीं आलेला गोरा परका मनुष्य पाहून, हा सरकारी पोलिस तर नसेल ना, अशी शंका सत्तरीच्या हर्टला आली. त्या काळच्या मिसिसिपींत ती वावगी नव्हती. त्याच्याजवळ तेव्हां स्वतःची गिटारहि नव्हती. परंतु बोटें कांहीं विसरलीं नव्हतीं.

त्याच उन्हाळ्यांत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवांत हजारों लोकांनीं त्याचें गाणें ऐकलें. हें सुख मात्र अवघें तीन वर्षें टिकलें. २ नोव्हेंबर १९६६ रोजीं तो निवर्तला. पुढें संग्रहालय म्हणून जतन केलेलें त्याचें घर २०२४ सालीं आगींत भस्म झालें. लांकडाचें घर गेलें, पण गाण्यांतला गांव अजून जागच्या जागीं आहे. ज्यांचीं नांवें दफ्तरांत नाहींत, त्यांचा इतिहास शोधूं पाहणाऱ्यानें त्यांचीं गाणींहि कान देऊन ऐकलीं पाहिजेत.