आखाड्यातली विद्या शिबिरात आली

मिरचीच्या बाजाराचे आपले दोंडाईचा ज्या रेल्वेवर वसले आहे, ती तापीच्या खोऱ्यातली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. पश्चिमेकडे निघालात तर नंदुरबारवरून सुरत लागते, आणि सुरतेहून वर गेले की बडोदा. पूर्वेकडे निघालात तर नरडाण्यानंतर अमळनेर येते. आज सांगायची हकीकत या दोन गावांची आहे, बडोद्याची आणि अमळनेरची. पण तिला एक तिसरे गावही जोडायचे आहे, आणि ते थेट चीन देशातले आहे.

अलीकडे मोठ्या शहरांत चिनी व्यायामाची शिबिरे भरतात. कोणी 'ताइची' शिकवतो, कोणी 'चीगोंग'. 'ची' म्हणजे श्वास, प्राण. आणि 'गोंग' म्हणजे मेहनतीने कमावलेले कसब. आपल्या आखाड्यात पहिलवान जोर-बैठका काढतो त्याला आपण काय म्हणतो? 'मेहनत करतो' असेच म्हणतो ना! शब्द दोन देशांचे, पण अर्थ एकाच मातीतला. आता खेड्यातला जाणता माणूस विचारील, "मास्तर, अशी विद्या आठ दिवसांच्या शिबिरात येते का हो?" प्रश्न रास्त आहे. आणि तो नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्या इकडे आणि चीनमध्ये, दोन्हीकडे तो उभा राहिला होता.

जुनी रीत तुम्हांला ठाऊक आहे. वस्ताद शागिर्दाला वर्षानुवर्षे राबवून घेई. आधी आखाडा झाडायचा, माती चाळायची, पाणी भरायचे, मग डाव. त्यातही वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असे आपण म्हणतोच. चीनमध्येही हीच तऱ्हा होती. तिथे नवख्या मुलाला गुडघे वाकवून, घोड्यावर मांड टाकल्यासारखे, मांड्या थरथरेपर्यंत उभे करीत. ठेवणीतल्या गोष्टी घराण्याबाहेर जात नसत. या रीतीत एक मोठा गुण होता. जे शिकवले जाई ते हाडापर्यंत मुरे. पण दोषही तेवढाच मोठा होता. वस्ताद गेला की राखून ठेवलेला डाव त्याच्याबरोबर चितेवर जाई.

दुसरा दोष अंधश्रद्धेचा. १९०० साली उत्तर चीनमध्ये परकीयांविरुद्ध मोठा उठाव झाला. त्यातले तरुण मुष्टियुद्धाचे व्यायाम करीत, मंत्र म्हणत आणि मानीत की आता आपल्याला गोळी लागणार नाही. गोळ्या लागल्या. हजारो माणसे मेली. त्यानंतर तिथल्या सुशिक्षितांना वाटू लागले की ही विद्या टिकवायची तर उजेडात आणली पाहिजे. १९१० साली शांघायला 'चिंगवू' नावाची संस्था निघाली. तिथे निरनिराळ्या घराण्यांचे उस्ताद एका छपराखाली शिकवू लागले. दुकानातला कारकून, शाळेतला मुलगा, पुढे मुली व स्त्रियासुद्धा वर्गात येऊ लागल्या. १९२८ साली नानकिंगला सरकारी संस्थाच उभी राहिली, आणि या विद्येला नाव मिळाले 'राष्ट्रीय कला'.

आता आपल्याकडे वळू. बडोद्याला जुम्मादादा या मुसलमान उस्तादांचा आखाडा होता. त्यांचे हिंदू शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी तो पुढे चालवला, वाढवला. माणिकराव हाडवैद्य म्हणूनही नामांकित. लेझीम, लाठी, मलखांब, कुस्ती हे सारे त्यांनी रांगेत उभ्या असलेल्या शेकडो मुलांना एकाच वेळी शिकवता येईल असे बसवले. या आखाड्यात १९०७ ते १९१० या काळात एक तरुण घाम गाळीत होता. त्याचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. हे गुणे पुढे आपल्या अमळनेरास आले, खानदेश शिक्षण मंडळात शिकवू लागले, आणि १९२१ साली तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे तेच स्वामी कुवलयानंद म्हणून देशभर ओळखले गेले.

अमळनेरच्या त्या वर्षांत गुण्यांना दोन गोष्टी दिसल्या असाव्यात. एक, शिकणारी मुले शेतकऱ्यांची, कष्टकऱ्यांची. बारा वर्षे गुरूगृही राहणे त्यांना परवडणारे नाही. दुसरी, आपल्याजवळ विद्या आहे खरी, पण "याने काय होते, कसे होते?" असे विचारले तर नीट उत्तर देणारा कोणी नाही. नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदास नावाचे योगी होते. त्यांच्यापाशी १९१९ च्या सुमारास गुणे योग शिकू लागले. १९२३ साली अमळनेरचे महाविद्यालय बंद पडले. गुणे मात्र थांबले नाहीत.

त्यांनी काय केले? योगातल्या उड्डियान आणि नौली या क्रिया घेतल्या आणि बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांखाली तपासल्या. नौलीत पोटाचे स्नायू उभे फिरवताना मोठ्या आतड्यात दाब उणा होतो, असे त्यांना आढळले. त्या उण्या दाबाला त्यांनी आपल्या गुरूचे, माधवदासांचे, नाव दिले. पाहा, गुरूवर श्रद्धा पुरती होती, तरी गुरूने दिलेली विद्या त्यांनी यंत्रापुढे नेऊन ठेवली. यात गुरूचा अपमान झाला नाही. उलट गुरूचे नाव शास्त्रात गेले. १९२४ साली लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम काढले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. शाळांतल्या शिक्षकांनी शिकून घेऊन मुलांना शिकवावा, असा योगाचा क्रम त्यांनी आखून दिला.

त्याच सुमारास वऱ्हाडातही हीच हवा होती. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला होता. त्याचे पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांचे वर्ग भरवायचे, त्यांना तयार करून गावोगाव परत पाठवायचे, हा त्यांचा मार्ग. मास्तर मे महिन्यात शिकून जायचा आणि जूनमध्ये शाळेच्या अंगणात मुलांना उभे करायचा. शिबिर म्हणतात ते हेच.

आणि मौज पाहा. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले. तिथे अमरावतीच्या चमूने आपले देशी खेळ आणि व्यायाम करून दाखवले. त्याच बर्लिनमध्ये चीनच्या स्त्री-पुरुषांच्या चमूने त्यांची 'राष्ट्रीय कला' दाखवली. दोघांपैकी कोणाचाही देश तेव्हा सुखात नव्हता. आपण इंग्रजांच्या ताब्यात, चीन जपानच्या दाराशी आलेल्या युद्धाच्या छायेत. तरी दोघांनी जगाला सांगितले की आमच्याजवळही कमावलेले काही आहे.

आता चीगोंगची गोष्ट. चीनमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीस लिउ गुइचेन नावाचा एक कार्यकर्ता पोटातल्या व्रणाने हैराण झाला. त्याला गावी धाडले. गावातल्या एका वडीलधाऱ्याने त्याला श्वासाची जुनी साधना शिकवली. सुमारे शंभर दिवस त्याने ती नेमाने केली आणि बरा वाटू लागल्यावर इतरांना शिकवायला घेतली. 'चीगोंग' हे नाव आज ज्या अर्थाने चालते, तो अर्थ तेव्हा रूढ झाला. पुढे सरकारने त्यासाठी आरोग्यधामे काढली. १९५६ साली ताइचीचाही चोवीस हालचालींचा सोपा क्रम बसवला गेला. पाच-सहा मिनिटांत तो पुरा होतो. चौकात, बागेत म्हातारी माणसे सकाळी तो करू लागली.

पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. १९८० नंतर चीनमध्ये चीगोंगचे पेव फुटले. दुरून हात फिरवून रोग घालवतो, असे सांगणारे उस्ताद निघाले. सभागृहे भरू लागली. तपासणी मागे पडली आणि चमत्कार पुढे आला. १९०० सालची चूक नव्या वेषात परत आली, असेच म्हणायचे. म्हणजे दार उघडले तरी धोका सरत नाही. बंद दाराआड विद्या मरते. आणि सताड उघड्या दारातून भोंदूही आत येतो.

मग शिक्षक बंधुभगिनींनी काय करावे? शिबिराला जरूर जावे. पण शिकवणारा पाहून जावे. तो स्वतः किती वर्षे, कोणापाशी शिकला हे मोकळेपणाने सांगतो का? तुमचा गुडघा दुखतो, दम लागतो, हे ऐकून घेतो का? "हे तुम्ही करू नका" असे कधी म्हणतो का? औषध सोडा म्हणणारा असेल तर तिथूनच परत फिरावे. आणि आठ दिवसांत 'सर्व शिकवतो' म्हणणाऱ्यापेक्षा 'सुरुवात करून देतो' म्हणणारा बरा.

शिबिर म्हणजे बियाण्याची पिशवी. पेरणी, कोळपणी, राखण हे सारे आपल्या शेतात आपल्यालाच करायचे असते. लिउला शंभर दिवस लागले, गुण्यांना बडोद्यात तीन वर्षे लागली. शिबिरातून आलेला मास्तर रोज सकाळी शाळेच्या ओट्यावर वीस मिनिटे उभा राहिला, तर वर्षभरात चार मुले त्याच्या शेजारी उभी राहतील. त्यांच्यापासून मात्र एकही डाव राखून ठेवू नये. बडोद्याहून अमळनेरास आलेल्या त्या शिक्षकाने तो राखला नाही, म्हणून आज आपण त्याचे नाव घेतो आहोत.