कुत्र्याचा डोळा मिटतच नाही? चेहऱ्याच्या लकव्यात पापणीची शस्त्रक्रिया कधी लागते

पाळलेल्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या तोंडाची एक बाजू अचानक लोंबू लागते. लाळ गळते, खाताना घास एकाच बाजूने सांडतो. घरच्यांचं लक्ष वाकड्या तोंडाकडे जातं. पण मोठा धोका असतो तो डोळ्याला.

नेमकं काय होतं?

चेहऱ्याचे स्नायू मेंदूतून निघणाऱ्या सातव्या नसेवर चालतात. पापणी मिटवणारा स्नायूही त्यातलाच. ही नस निकामी झाली की डोळा उघडाच राहतो आणि अश्रूंचा थर डोळ्यावर नीट पसरत नाही. काही वेळा अश्रूच कमी तयार होतात, त्याच बाजूची नाकपुडीही कोरडी पडते. मग बुबुळावरचा काचेसारखा पडदा, म्हणजे कॉर्निया, सुकतो आणि त्यावर जखम होते. जखम खोल गेली तर डोळा फुटू शकतो. यवतमाळचा कडक उन्हाळा, कोरडा वारा आणि धूळ अशा डोळ्याचा त्रास आणखी वाढवतात.

लकवा कशामुळे होतो?

कानाच्या आतल्या भागातला संसर्ग, अपघात, गाठ, थायरॉइडची कमतरता ही काही कारणं आहेत. बऱ्याच कुत्र्यांमध्ये कारण सापडतच नाही. कॉकर स्पॅनियल जातीत असे रुग्ण जास्त दिसतात. काही जनावरांची नस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते, तर काहींची कधीच नाही.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते का?

नाही. कुत्र्या-मांजरांना तिसरी पापणी असते. डोळा आत ओढला गेला की ती बुबुळावरून फिरते. हे काम दुसऱ्या नसेवर चालत असल्याने अनेक जनावरं तेवढ्यावर निभावून नेतात. त्यांना दिवसातून अनेकदा कृत्रिम अश्रू किंवा मलम पुरतं.

डॉक्टर आधी दोन सोप्या चाचण्या करतात. पापणीत कागदाची पट्टी ठेवून अश्रू मोजतात. कुत्र्यात १ मिनिटात १५ मिलिमीटर किंवा जास्त पट्टी ओली होणं सामान्य मानतात. मग फ्लुओरेसिन रंगाचा थेंब टाकतात. जखम असेल तर ती हिरवी दिसते.

शस्त्रक्रियेत काय करतात?

औषधाने जखम भरत नसेल किंवा डोळा फारच उघडा राहत असेल, तर पापण्या काही भागात एकमेकींना शिवतात. नस सुधारेल अशी आशा असेल तर टाके तात्पुरते असतात, काही आठवड्यांनी काढतात. सुधारणा होणार नसेल तर कोपऱ्याजवळच्या पापण्यांच्या कडा थोड्या काढून त्या कायमच्या जोडतात. डोळ्याची फट लहान होते, पण दिसत राहतं. पग, शिह त्झू अशा मोठ्या डोळ्यांच्या जातींत याचा विशेष उपयोग होतो. खालची पापणी लोंबत असेल तर तिचा छोटा तुकडा काढून ती ताठ करतात.

हे सगळं भूल देऊन होतं. नंतर टाके खाजवले जाऊ नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालतात. या शस्त्रक्रियेने लकवा बरा होत नाही, डोळा वाचतो. लकव्याच्या मूळ कारणावर वेगळा उपचार लागतो.

काय टाळायचं?

घरातले माणसांचे ड्रॉप्स घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि डोळ्यात जखम असेल, तर कॉर्निया झपाट्याने खराब होऊ शकतो.

यवतमाळ जिल्ह्यात कुठे जायचं?

सुरुवात जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून करा. १९६२ हा टोल फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आहे. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मोठ्या ठिकाणी जावं लागलं, तर यवतमाळ-वणीकडच्यांना नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय, तर पुसद-दारव्हाकडच्यांना अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था सोयीची. दोन्ही संस्था महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या आहेत. निघण्याआधी डॉक्टरांची वेळ विचारून घ्या.

डोळ्याच्या कोपऱ्याजवळ हलकंच बोट लावूनही पापणी मिटत नसेल, डोळा लाल किंवा पांढुरका दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.