चित्राचा गाळा नंबर

एपीएमसी मार्केटमध्ये पत्ता विचारला की गाळा नंबर सांगतात. पण हे नंबर काही फार जुने नाहीत. मुंबई बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली. कांदा-बटाटा आधी इकडे आला, फळं-भाजी १९९६ मध्ये. भायखळ्याच्या, क्रॉफर्ड मार्केटच्या पेढ्यांचे पत्ते बदलले, पेढीचं नाव मात्र तेच राहिलं. गिऱ्हाईक नावाला धरून वाशीपर्यंत आलं.

हे आठवायचं कारण म्हणजे माझा एक जुना विद्यार्थी. त्याने भाजीच्या भावांचं ॲप केलं. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक भावाशेजारी चित्र. कल्पना जुनीच आहे, १९५१-५२च्या निवडणुकीत मतपेट्यांवर चिन्हं होती ती याचसाठी.

आता अँड्रॉइडमध्ये काय होतं पाहा. चित्रं रिसोर्स म्हणून ॲपमध्येच भरलेली असतात आणि ॲप बांधताना प्रत्येकाला एक पूर्णांक नंबर मिळतो. त्यांचा ॲरे एक्सएमएल फाइलमध्ये लिहितात. तो साध्या आकड्यांचा ॲरे समजून वाचला तर हाती शून्यं येतात! टाइप्ड ॲरे म्हणून उघडायचा, एकेका जागेवरचा नंबर काढायचा, आणि काम झालं की तो परत करायचा, म्हणजे रीसायकल. जागांची मोजणी शून्यापासून. डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये त्याचं समर्थन लिहून ठेवलंय. मला पटतं, माझ्या बायकोला नाही.

आमच्या पठ्ठ्याने हे सगळं नीट केलं. चूक केली ती पुढे. गिऱ्हाइकाच्या आवडीच्या भाज्या त्याने फोनमध्ये साठवल्या, पण त्या चित्रांच्या नंबरांनी. पुढच्या आवृत्तीत आल्याचं चित्र घातलं. फाइलींची नावं अक्षरक्रमाने लागतात, सगळे नंबर एकेक जागा सरकले. भाव बटाट्याचा, चित्र दुसऱ्याच भाजीचं. पहाटे चार वाजता, गोणी पाठीवर असताना, ज्याला वाचता येत नाही तो काय करणार? तो चित्रावर विश्वास ठेवणार.

तत्त्वज्ञानात आम्ही नाम आणि रूप यांवर वर्षानुवर्षं तास घेतले. नंबर हा तिसरा, तो दोघांच्या मध्ये बसलेला दलाल. दलालाशिवाय बाजार चालत नाही, हेही खरंच. फक्त त्याचा पत्ता कायमचा धरायचा नसतो.

पोराने आता भाजीचं नाव साठवलंय. ॲप उघडलं की त्या नावावरून नंबर नव्याने शोधला जातो. थोडा वेळ लागतो म्हणे, पण बटाटा बटाट्यासारखा दिसतो.