पाणी, स्वच्छता व बालकांचे आतड्यांचे आरोग्य (रत्नागिरी जिल्हा)

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. येथील जांभा खडक सच्छिद्र असून तीव्र उतारावरचे पाणी लवकर समुद्राला मिळते. याच सच्छिद्रतेमुळे पावसाळ्यात शौचालयाच्या खड्ड्यातील जंतू जवळच्या विहिरीत उतरू शकतात. म्हणून विहीर व खड्डा यांमधील अंतर हा येथे शौचालयांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

सार्वजनिक विहिरींत ग्रामपंचायती टीसीएल (विरंजक चूर्ण) टाकतात. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे ऑर्थोटोलिडिन चाचणीतील पिवळ्या रंगावरून कळते. स्रोतांच्या सर्वेक्षणानंतर जोखमीनुसार ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. मात्र हे कार्ड स्रोताचे असते, घरातील हंड्याचे नव्हे. शुद्ध पाणीही हात बुडवल्याने पुन्हा दूषित होते. लांब दांड्याच्या ओगराळ्याचा आग्रह त्यासाठीच धरला जातो.

विष्ठेतील जंतू वारंवार पोटात गेल्यास जुलाब न होताही लहान आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजतात व अन्नरसाचे शोषण घटते. यास पर्यावरणीय आंत्रविकार म्हणतात. बालकांची उंची खुंटण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. तथापि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या बांगलादेश व केनिया येथील चाचण्यांत केवळ पाणी, शौचालय व हात धुण्याच्या सोयींमुळे बालकांची वाढ सुधारली नाही. जुलाबाचे प्रमाण बांगलादेशात घटले, केनियात नाही.

जुलाब झाल्यास बालकास ओआरएस व १४ दिवस झिंक देतात. स्तनपान सुरूच ठेवतात.