बालगृहातून मूल बेपत्ता झालं तर? 24 तास थांबू नका, आधी हे करा

अनाथ, घरातून निघून आलेली किंवा घरी सुरक्षित नसलेली मुलं बालकल्याण समितीच्या आदेशाने बालगृहात राहतात. त्यातलं एखादं निघून गेलं की ‘पळालं असेल, येईल परत’ असं म्हणून वेळ काढला जातो. खरा धोका तिथेच आहे. खिशात पैसे नसलेलं पोर एसटी स्टँडवर चुकीच्या माणसाच्या हाती लागायला वेळ लागत नाही.

तक्रार कधी द्यायची?
लगेच. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केलंय, की मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी झाली असावी असं धरून तपास करायचा. बालगृहातल्या मुलालाही हाच नियम आहे. ‘आमची हद्द नाही’ असं सांगितलं, तर झिरो एफआयआर नोंदवायला सांगा. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

अनोळखी मूल गावात आलं तर?
बाल न्याय कायदा 2015 नुसार, हरवलेलं किंवा निराधार दिसणारं मूल ताब्यात घेतलं तर 24 तासांच्या आत कळवावं लागतं. 1098 वर फोन करा किंवा पोलीस ठाणे, बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुठेही कळवा. न कळवणं हा गुन्हा आहे.

मूल स्वतःच्या घरी परत आलं तर?
भीतीपोटी लपवू नका. बालगृह सोडून आलेलं मूल आरोपी नसतं. त्याला जेवू घाला, मारू नका, का निघून आलास ते शांतपणे विचारा. मारहाण किंवा लैंगिक छळ झाला असेल तर ते पोलिसांना आणि समितीला सांगा. परत कुठे ठेवायचं हे समिती ठरवते. मुलाचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला तिथेच परत धाडलं, तर ते पुन्हा पळण्याची शक्यता राहते.

फोटो ग्रुपवर टाकायचा का?
स्वतःहून नको. अशा मुलाचं नाव, फोटो, पत्ता जाहीर केल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांनी अधिकृतपणे दिलेली माहितीच पुढे पाठवा आणि मूल सापडलं की तीही काढून टाका.

मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह करा: चाइल्ड हेल्पलाइन 1098, पोलीस 112.