खाद्याच्या गोणीतला चामड्याचा भुसा: एका फसव्या आकड्याचा इतिहास

मागच्या महिन्यात कशेळ्याला घरी गेलो होतो. काकांच्या पोल्ट्रीवर खाद्याची गोणी उचलताना लेबल वाचलं: कच्ची प्रथिने, पुढे टक्केवारी. काका म्हणाले, "एवढा शिकतोयस, तर हे प्रथिन कशातून येतं ते सांग." सोयापेंड असेल, असं म्हणून मी वेळ मारून नेली. लेबलवर मात्र ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आजची पोस्ट त्या प्रश्नाबद्दल.

सुरुवात 1883 पासून करू. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजायची पद्धत मांडली. नमुना सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मोजायचा आणि आलेल्या आकड्याला 6.25 ने गुणायचं. हेच "कच्चं प्रथिन". गरज होती बिअरच्या धान्याची, पण पुढे सगळ्या जगाचं पशुखाद्य याच पद्धतीने मोजलं जाऊ लागलं.

पुढच्याच वर्षी, 1884 मध्ये, न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्त्झ यांना क्रोमियमने कातडं कमावण्याचं पेटंट मिळालं. त्याआधी आपल्याकडे कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावत. आमच्या डोक्यावरच्या भीमाशंकरच्या डोंगरात आजही हिरडा गोळा होतो, आणि कोल्हापुरी चप्पल आजही वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याचीच. 1930 च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. मेलेल्या जनावराचं काहीच वाया जाऊ नये, कातडं कमवावं, हाडामांसाचं खत करावं, असा त्या ग्रामोद्योग चळवळीचा आग्रह होता. तो कचरा मातीत जिरायचा. क्रोमचा तसा जिरत नाही.

एक टन कच्च्या कातड्यातून तयार चामडं निघतं साधारण 200 किलो. कातडं एकसारख्या जाडीचं करताना तासून निघालेला भुसा हा उरलेल्या कचऱ्यातला एक मोठा भाग. तो बहुतेक कोलॅजेन, म्हणजे प्रथिनच. केल्डाल पद्धतीत त्याचा आकडा झकास येतो. पण कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतं, मिथिओनीन अगदी कमी असतं, आणि ही चाचणी क्रोमियम बघतच नाही. 2008 मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळून याच पद्धतीला फसवलं गेलं.

चामड्याच्या भुशाची सगळ्यात गाजलेली गोष्ट ढाक्याच्या हजारीबागची. टॅनरीचा भुसा उकळायचा, उघड्यावर वाळवायचा, दळायचा आणि कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यात घालायचा, असा तिथे धंदाच उभा राहिला. 2011 मध्ये बांगलादेशच्या उच्च न्यायालयाने तो बंद करायचा आदेश दिला. 2017 मध्ये टॅनऱ्याही सावरला हलवाव्या लागल्या. युरोपीय संघाच्या 2009 च्या खाद्य नियमांत कमावलेलं कातडं आणि त्याचा कचरा बंदीच्या यादीतच आहे.

मग हे सरळ विष म्हणायचं का? इथे जरा थांबायला हवं. टॅनिंगमध्ये वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियम. ते आतड्यातून फार कमी शोषलं जातं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2014 मध्ये त्याची रोजची सहन होणारी मात्रा शरीराच्या दर किलोमागे 300 मायक्रोग्रॅम ठरवली. कर्करोगकारक आहे ते षट्संयुजी क्रोमियम. पण भुसा अल्कलीत तापला किंवा जळला, तर पहिल्याचं दुसरं होऊ शकतं. म्हणजे धोका कचऱ्यात जितका, तितकाच त्यावरच्या प्रक्रियेत.

म्हणून या विषयावरचा पेपर हातात आला की तीन गोष्टी आधी बघा. एकूण क्रोमियम मोजलंय की षट्संयुजी वेगळं काढलंय? आकडा ओल्या वजनावर आहे की सुक्या? नमुना मांसाचा आहे की यकृताचा? या तीन उत्तरांशिवाय दोन पेपरांची तुलना करू नका. मी पहिल्या वर्षी केली होती. अख्खं टेबल पुन्हा करावं लागलं.

काकांना मी फोन करून सांगितलं: फक्त प्रथिनाच्या टक्क्यावर जाऊ नका, लायसीन आणि मिथिओनीन किती आहे ते विचारा, आणि बाजारभावापेक्षा फारच स्वस्त गोणी मिळाली तर घेऊ नका. काका म्हणाले, "हे एवढंच सांगायला सहा वर्षं लागली होय?"

लागली, काका.