सदाफुलीची पंचवीस पाने

आमच्या गावच्या कब्रस्तानात सदाफुली कुणी मुद्दाम लावत नाही, ती आपली आपणच उगवते. पाणी नको, खत नको. गुरंही तिला तोंड लावत नाहीत. काही वर्षांपूर्वी एका सकाळी माझी खाला तिथून पिशवीभर पानं तोडून घेऊन आली. तिच्या सात वर्षांच्या नातवाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला होता आणि शहरात त्याचे उपचार सुरू होते. दर आठवड्याच्या इंजेक्शनने पोराचे हाल होतात, त्यापेक्षा या पानांचा काढा देऊ, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. सांगणाऱ्याचं म्हणणं असं, की कॅन्सरचं औषध याच झाडातून निघतं.

पंचाईत अशी होती, की हे वाक्य खरं होतं. पोराला दिलं जाणारं इंजेक्शन व्हिन्क्रिस्टिनचं होतं आणि व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतूनच येतं. खालाला नुसतं ‘अडाणीपणा करू नकोस’ म्हणून भागणार नव्हतं. मी या औषधाचा इतिहास वाचायला घेतला तो तेव्हा.

सदाफुली मूळची मादागास्करची. जहाजांबरोबर ती उष्ण प्रदेशांत सगळीकडे पोहोचली आणि अनेक ठिकाणी लोक तिच्या पानांचा काढा घेऊ लागले. पण तो कॅन्सरवर नव्हे, मधुमेहावर! १९५२ साली जमैकाहून कॅनडातले डॉक्टर क्लार्क नोबल यांच्याकडे एक पाकीट आलं. आत सदाफुलीची २५ पानं होती आणि इन्सुलिन मिळत नाही तेव्हा तिथले लोक हा काढा पितात, असा निरोप होता. क्लार्क यांचा इन्सुलिनशी जुना संबंध होता. १९२१ साली टोरांटोत बँटिंग यांचा मदतनीस कोण होणार हे नाणं उडवून ठरलं आणि त्यात चार्ल्स बेस्ट जिंकले, क्लार्क हरले, असं सांगतात. क्लार्कनी ही पानं आपल्या भावाकडे, वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली.

रॉबर्टनी अर्क उंदरांना पाजून पाहिला. रक्तातली साखर उतरली नाही. मग तोच अर्क इंजेक्शनने दिला. आठवड्याभरात उंदीर संसर्गाने मेले. दुसऱ्या कुणी इथेच वही मिटली असती. रॉबर्टनी मेलेल्या उंदरांचं रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या, अस्थिमज्जा उजाड झाली होती. ल्युकेमियात नेमक्या याच पेशी बेसुमार वाढतात. प्रश्न साखरेचा होता, उत्तर भलत्याच आजाराचं मिळालं.

१९५४ मध्ये चार्ल्स बिअर हे रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले आणि त्यांनी अर्कातून व्हिन्ब्लास्टिन वेगळं काढलं. तिकडे अमेरिकेत एली लिली कंपनीतले गॉर्डन स्वोबोडा आणि त्यांचे सहकारी याच झाडाचा अर्क ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर तपासत होते. त्यांना व्हिन्क्रिस्टिन सापडलं. दोन्ही रेणूंत फरक किरकोळ, पण मुलांच्या ल्युकेमियावर व्हिन्क्रिस्टिन जास्त उपयोगी ठरलं. १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कंपनीने त्यावर भरपूर कमावलं. ज्या मुलखांतून हे झाड आणि त्याचा काढा आला, त्यांच्या हाती त्यातलं काही लागलं नाही, हेही इथे नोंदवायला हवं.

पेशी दुभंगते तेव्हा आत बारीक प्रथिनांचे दोर तयार होतात आणि ते गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेतात. व्हिन्क्रिस्टिन हे दोर बनूच देत नाही. पेशी अर्ध्या वाटेवर अडकते, आणि बराच वेळ अडकून पडली की स्वतःलाच संपवायला लागते. ती आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. या मरणाला १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी ‘अपोप्टोसिस’ हे नाव दिलं. हा ग्रीक शब्द पानं किंवा पाकळ्या गळून पडण्यासाठी वापरला जातो.

असेच दोर मज्जातंतूंतही असतात, तिथे ते माल वाहून नेण्याचं काम करतात. म्हणून मुलांच्या पायांत मुंग्या येतात, पाऊल उचलत नाही, बद्धकोष्ठ होतं. खालाला दिसत होते ते हाल हेच.

एकट्या व्हिन्क्रिस्टिनने आजार जात नाही. १९६२ पासून अमेरिकेत फ्राय, फ्रायराइक आणि पिंकेल यांनी ते इतर औषधांबरोबर एकत्र द्यायला सुरुवात केली. आधी ही मुलं काही महिन्यांत दगावत. आज श्रीमंत देशांत दहापैकी नऊच्या आसपास बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी आहे आणि उपचार मध्येच सोडणं हे त्याचं एक मोठं कारण आहे.

युनानीचा अभिमान सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण इब्न सीनाने ‘अल-कानून’मध्ये औषध पारखण्याचे नियम घालून दिलेत, हे त्यांतले किती जण सांगतात? औषध साध्या, एकेरी आजारावर तपासा. माणसावर तपासा, कारण घोड्यावर किंवा सिंहावर जे दिसतं ते माणसाला लागू पडेलच असं नाही. जमैकाच्या काढ्याला नोबल आणि बिअर यांनी हीच इज्जत दिली, त्याची परीक्षा घेतली.

मी खालाला एवढंच सांगितलं, की ग्रॅमभर औषधाला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. तुझ्या पिशवीत त्याचा कणही सापडायचा नाही, उलट इतर डझनावारी विषारी द्रव्यं पोराच्या पोटात जातील. शिवाय काढा पाजून उंदरांनाही काही झालं नव्हतं, जे झालं ते सुईने. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारलं, पुढची सुई कधी आहे? मी म्हणालो, गुरुवारी. पानांची पिशवी तिने उकिरड्यावर टाकली आणि गुरुवारी पोराबरोबर ती स्वतः गेली.